'अर्धापूर' की 'अधार्पूर'?

विंडोजला टाटा केला, लिनक्स टाकलं, फुकटातलं ऑफिसही आलं. आणि मग स्क्रीनवर उगवले चौकोन! फोनवरून हिंजवडी आणि कम्प्युटरसमोर अर्धापूर, अशी दोन दिवस चाललेली ही मोहीम. तुमच्याही घरी कधी ना कधी उपयोगी पडेल अशी...

२०२५ची दिवाळी आठवते? लक्ष्मीपूजनाच्या आठवडाभर आधी, १४ ऑक्टोबरला, मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. झालं! पुण्या-मुंबईहून रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये अवघडून गावी पोचलेल्या तमाम आयटीवाल्या पोरापोरींना चकलीचा पहिला तुकडा मोडायच्या आत एकच हुकूम, 'ते कम्प्युटरचं काय म्हणायलाय, जरा बघ की!' घरातला जो कोणी कम्प्युटरवर पोट भरतो तो घरचा फुकट इंजिनिअर, हा आपल्याकडचा अलिखित कायदाच आहे. मग तो बिचारा एचआरमध्ये का असेना.

विंडोज ११ टाकायचं तर टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय मशीनमध्ये हवी आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा तरी हवा. २०१५-१६ साली घेतलेला कम्प्युटर त्यात कुठून बसणार? कंपनीने ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट्सची सोय ठेवली खरी, पण तो झाला वर्षभराच्या उधारीचा मामला. साहजिकच अनेकांनी 'लिनक्स टाकू या ना!' हा फंडा काढला. उबुंटू, मिंट... एकदम मोफत आणि जुन्या मशीनवरही बऱ्यापैकी पळणारं. पेन ड्राइव्ह लावा, अर्धा-पाऊण तास थांबा, काम फत्ते.

खरी गंमत त्यानंतर सुरू होते. घरचा माणूस नव्या स्क्रीनसमोर बसतो, माउस इकडेतिकडे फिरवतो आणि शांतपणे विचारतो, 'ह्याच्यात वर्ड कुठाय?'

वर्ड नाही, रायटर

मायक्रोसॉफ्ट आपलं ऑफिस लिनक्ससाठी बनवतच नाही. ब्राउझरमधलं ऑनलाइन ऑफिस चालतं, पण त्याला सतत नेट हवं. म्हणून बहुतेक जण वळतात लिब्रेऑफिसकडे. ह्याचं खानदान तसं जुनं आहे. १९८५ साली जर्मनीत सुरू झालेल्या स्टार डिव्हिजन कंपनीचं 'स्टारऑफिस', ते १९९९मध्ये सन मायक्रोसिस्टम्सने विकत घेतलं, पुढच्या वर्षी त्याचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला केला आणि २००२ साली 'ओपनऑफिस'ची पहिली आवृत्ती आली. २०१०मध्ये सन कंपनीच ओरॅकलच्या ताब्यात गेली, तेव्हा त्यावर काम करणाऱ्या बऱ्याच मंडळींनी त्याच वर्षी सप्टेंबरात वेगळी चूल मांडली. ती चूल म्हणजे लिब्रेऑफिस. वर्डच्या जागी 'रायटर', एक्सेलच्या जागी 'कॅल्क', पॉवरपॉइंटच्या जागी 'इम्प्रेस'. पैसे शून्य.

मग अडचण काय? अडचण अशी, की आपल्या पिढीला आणि आपल्या आईबाबांनाही ऑफिस 'इन्स्टॉल' करायची सवयच नाही. ते कम्प्युटरबरोबर यायचं, दुकानदाराच्या पोराने कुठल्याशा सीडीवरून टाकून दिलेलं. एमएस-सीआयटीच्या क्लासलाही ते आधीपासून मशीनवर असायचंच. (त्यातल्या 'एमएस'चा अर्थ महाराष्ट्र स्टेट, मायक्रोसॉफ्ट नव्हे, हे किती जणांना माहीत होतं देव जाणे!) त्यामुळे काहीही अडलं, की 'लिनक्सच खराब' असा निकाल लागतो. पण बिघाड दिसतो एकीकडे आणि असतो भलतीकडेच.

हे सगळं मी जवळून बघितलं ते अर्धापुरात. माझं आजोळ. नांदेडहून हदगाव-यवतमाळच्या रस्त्याला लागलं, की थोड्याच वेळात रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा सुरू होतात, तेच अर्धापूर. केळी म्हटलं की अर्धापूर, हे समीकरण सगळ्या मराठवाड्याला पाठ. मामांची केळी आणि थोडी हळद. मामी एका महिला बचत गटाची सचिव. २०१६पासूनची मिटिंगची सगळी इतिवृत्तं, सभासदांचे हप्ते, कुणी किती कर्ज उचललं, किती फेडलं, सगळं तिने स्वतः टाइप करून ठेवलेलं. कुणाच्या मुलीची फी, कुणाचं शिलाई मशीन, कुणाची म्हैस... त्या कागदांत अख्खी गल्ली आहे.

मामेभाऊ हिंजवडीत नोकरीला. दिवाळीत त्याने घरच्या मशीनवर मोठ्या हौसेने उबुंटू टाकलं आणि भाऊबीज उरकून पुण्याला पळाला. पंधरा दिवसांनी बँकेने गटाची कर्जमर्यादा वाढवायच्या अर्जासोबत तीन वर्षांची इतिवृत्तं मागितली. मुदत सोमवार. मी शुक्रवारी एका कामासाठी नांदेडला आले होते, तिथून अर्धापूरला पोचले तर मामी डोक्याला हात लावून बसलेली. 'अगं, ह्याच्यात तर वर्डच न्हाई. माझे समदे कागद त्याच्यात हायेत.' मामा पलंगावरून, 'मी म्हणलो नव्हतो का, चालायलं होतं ते कशाला काढलं?'

दादाला फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि मोहीम सुरू झाली.

लाइन गेली आणि कुलूप पडलं

पहिला धडा इथेच. उबुंटूने २०२३च्या ऑक्टोबरमधल्या आवृत्तीपासून नेहमीचं इन्स्टॉलेशन अगदी सुटसुटीत करून टाकलंय. ब्राउझर येतो, ऑफिस येत नाही. टाकताना 'एक्स्टेंडेड' हा पर्याय निवडला तरच लिब्रेऑफिस सोबत येतं. दादाने घाईत 'नेक्स्ट, नेक्स्ट' केलेलं. म्हणजे बिघाड काहीच नव्हता, ऑफिस कधी आलंच नव्हतं!

मग काय, टर्मिनल उघडायचं आणि एक कमांड द्यायची, 'सुडो एपीटी इन्स्टॉल लिब्रेऑफिस'. दिली. तर उत्तर, 'कुड नॉट गेट लॉक'. घाबरायचं काम नाही. लिनक्समध्ये एका वेळी एकाच कामाला सॉफ्टवेअरच्या कोठाराची किल्ली मिळते. मशीन सुरू झाल्या झाल्या मागच्या मागे अपडेट चालू होतात, किल्ली त्यांच्याकडे असते. दहा-पंधरा मिनिटं चहा प्या, परत करा. ओळखीतले उत्साही लोक 'ती लॉकची फाइल उडवून टाक' असं सांगतात. अजिबात ऐकू नका. आतलं काम अर्धवट तुटलं, तर कोठाराची नोंदवहीच विस्कटते.

आमच्याकडे ती आपोआप विस्कटली. डाउनलोड संपून सामान बसायला लागलं आणि... लाइन गेली! (पुण्यात लाइट जाते, आमच्याकडे लाइन जाते.) इन्व्हर्टर फक्त पंख्याला आणि बल्बला. तासाभराने लाइन आली, पुन्हा तीच कमांड दिली तर मशीन म्हणतं, डीपीकेजीचं काम मध्येच तुटलं. ह्यावर उपाय त्याच संदेशात लिहिलेला असतो, पण इंग्रजी लाल अक्षरं दिसली की कुणी वाचतच नाही. 'सुडो डीपीकेजी', मग दोन डॅश देऊन 'कॉन्फिगर', मग एक डॅश देऊन 'ए'. अर्धवट राहिलेली पॅकेजं जुळवून घेतली जातात. त्यानंतरही रडत असेल तर 'एपीटी'ला दोन डॅश 'फिक्स', डॅश 'ब्रोकन', 'इन्स्टॉल'. नव्वद टक्के वेळा... बरं, टक्केवारी सोडा, आमचं तरी एवढ्यात भागलं.

लाइन जाण्याचा आणखी एक प्रसाद असतो. मशीन बंद पडताना एखादी फाइल उघडी असली, तर पुढच्या वेळी ती 'लॉक्ड' आहे असं सांगते आणि ज्याने लॉक केली म्हणून नाव दाखवते ते आपलंच! फाइलशेजारी ठिपक्याने सुरू होणारी एक लपलेली छोटी लॉकची फाइल राहून जाते, एवढंच. ती दुसरीकडे कुठे उघडी नाही ना, हे बघा आणि निवांत उघडा. ही लॉकची फाइल आणि मघाचं एपीटीचं लॉक ह्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, बरं का. गल्लत करू नका.

एका घरात दोन ऑफिसं

मध्यंतरी आणखी एक भानगड झालेली. मी पोचायच्या आदल्या दिवशी मामीने तामसा रोडवरच्या ऑनलाइन सेंटरवाल्या ओळखीच्या पोराला बोलावलं होतं. पोरगा हुशार. आधी त्याने मायक्रोसॉफ्ट ऑफिसची सेटअपची फाइल पेन ड्राइव्हवरून चालवून बघितली. ती चालणारच नव्हती, कारण विंडोजचा एक्झिक्युटेबल लिनक्सला कळत नाही. मग त्याने सॉफ्टवेअरच्या दुकानातून, म्हणजे उबुंटूच्या ॲप सेंटरमधून लिब्रेऑफिसचा 'स्नॅप' टाकला, पण नेट इतकं हळू की तो पूर्ण झाला की नाही हे बघायच्या आत सेंटर उघडायला निघून गेला. आता आमचं एपीटीवालं ऑफिस बसलं आणि मेनूमध्ये रायटरचे दोन आयकॉन! एकातून पेन ड्राइव्हवरची फाइल उघडते, दुसऱ्यातून उघडत नाही. एकात एक सेटिंग केलं तर दुसऱ्यात दिसत नाही. मामीला वाटलं, कम्प्युटरला चकवा लागला.

स्नॅप किंवा फ्लॅटपॅक हे बंद डब्यातले ॲप्स. सुरक्षिततेसाठी त्यांना बाकीच्या मशीनपासून जरा लांब ठेवतात, त्यामुळे पेन ड्राइव्हपर्यंत पोचायला काही वेळा वेगळी परवानगी द्यावी लागते. वाईट नाहीत, पण एका घरात एकच ठेवा. दादाने फोनवरून स्नॅप काढायला लावला आणि एक आयकॉन गायब झाला. तिसरा रस्ता म्हणजे लिब्रेऑफिसच्या साइटवरून थेट सामान आणणं. त्यात सगळ्यात नवी आवृत्ती मिळते, पण आधीची काढली नसेल तर पुन्हा दोन ऑफिसं. आणि हो, फारच जुनं, ३२ बिटवालं मशीन असेल तर तो रस्ता बंदच. २०१९मध्ये आलेल्या ६.३ आवृत्तीपासून लिब्रेऑफिसने लिनक्ससाठी ३२ बिटची पॅकेजं देणं थांबवलं. २०२५च्या ऑगस्टमध्ये आलेल्या डेबियन १३चंही साध्या ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर नाही. अशा मशीनवर वेळ घालवू नका, सरळ भंगारात द्या. कडू आहे, पण खरं आहे.

कधी कधी रायटरचं चित्र चमकतं आणि काही न उघडता विरून जातं. तेव्हा सगळं काढून पुन्हा टाकण्याचा मोह होतो. उपयोग शून्य, कारण तुमच्या आवडीनिवडी होम फोल्डरमधल्या लपलेल्या 'डॉट-कॉन्फिग'मध्ये 'लिब्रेऑफिस' नावाने तशाच राहतात आणि नवं ऑफिस त्याच बिघडलेल्या फोल्डरवर येऊन बसतं. त्या फोल्डरचं नाव बदला, दुसरा कोरा तयार होतो. नाव बदला म्हटलं, डिलीट नव्हे. कारण तुम्ही डिक्शनरीत घातलेले शब्द त्यातच असतात.

तीन आजार, एकच लक्षण

शनिवारी सकाळी ऑफिस व्यवस्थित उघडलं. मामीने देवाला हात जोडले आणि जुन्या पेन ड्राइव्हमधली २०२३ची फाइल उघडली. काही ठिकाणी चौकोन. आणि बाकी सगळीकडे इंग्रजी अक्षरांची नुसती भेळ! 'अगं माय, हे काय दिसायलंय? अक्षरं कुठं गेले?'

इथे दादाचं सगळं इंजिनिअरिंग थांबलं. त्याच्या ऑफिसात सगळं इंग्रजीत चालतं. लिनक्सवर ऑफिस टाकण्याबद्दल जगभर जे लिहिलं जातं, ते मुळात इंग्रजी लिहिणाऱ्यांसाठी असतं. मराठी माणसाची खरी अडचण सुरू होते ती सगळं 'सक्सेसफुल' झाल्यावर. 'मराठी दिसत नाही' हे एक लक्षण, पण त्याखाली तीन वेगळे आजार असतात.

पहिला, चौकोन. अक्षर बरोबर आहे, पण ते काढून दाखवणारा फॉन्ट मशीनवर नाही. ह्या चौकोनांना फॉन्टवाल्यांच्या जगात 'टोफू' म्हणतात. गूगलच्या 'नोटो' फॉन्टचं नाव 'नो टोफू'वरूनच आलंय. उपाय सोपा. 'नोटो' किंवा 'लोहित' देवनागरीचं पॅकेज टाका, रायटर बंद करून पुन्हा उघडा. लोहितची ओळख असायलाच हवी. लोहित म्हणजे लाल. रेड हॅट कंपनीने भारतीय भाषांसाठीचे हे फॉन्ट २००४ साली मुक्त परवान्याखाली खुले केले. त्या काळी लिनक्सवर मराठी 'दिसणं' हीच बातमी होती. सरकारी पातळीवर सीडॅकने २००७मध्ये 'बॉस' नावाचं भारतीय लिनक्स आणलं, त्यातही ओपनऑफिस होतं. आणि विंडोजवाल्यांनी फार हसू नये. एक्सपीमध्ये मराठी नीट दिसायला 'रिजनल'च्या सेटिंगमध्ये जाऊन खूण करावी लागायची आणि वर मशीन विंडोजची सीडी मागायचं. आठवतंय?

दुसरा आजार, अक्षरं फुटणं. वेलांटी भलत्या जागी, जोडाक्षराचा पाय मोडलेला. लिब्रेऑफिसने २०१७च्या ५.३ आवृत्तीपासून अक्षरजुळणीसाठी सगळीकडे 'हार्फबझ' हे एकच इंजिन घेतलं, तेव्हापासून हा आजार जवळपास गेला. तरीही दिसला तर आवृत्ती फार जुनी आहे किंवा फॉन्ट तरी.

तिसरा आजार म्हणजे खरा खलनायक. मामीच्या फायलीत मुळात मराठी नव्हतंच!

थांबा, समजावून सांगते. युनिकोड सगळीकडे पोचायच्या आधी आपल्याकडे मराठी टायपिंग चालायचं ते वेषांतरावर. फाइलमध्ये साठतं इंग्रजी अक्षर, फॉन्ट त्या जागी मराठी आकार काढून दाखवतो. कृतिदेव हे त्याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. त्यात 'कमल' लिहिलं की फाइलमध्ये साठतं डी, ई, वाय. आणि 'अर्धापूर' लिहिलं की साठतं वी, स्लॅश, के, के, झेड, आय, डब्ल्यू, जे. त्या फॉन्टचा मुखवटा आहे तोवर सगळं झकास. मुखवटा नसलेल्या मशीनवर गेलात की उरते ती इंग्रजी भेळ. ही सगळी मांडणी टाइपरायटरवरून आलेली. अर्ध्या ध ला एक कळ, त्याला काना जोडायला दुसरी कळ, रफार सगळ्यात शेवटी, कारण टाइपरायटरवर तो आधी छापलेल्या अक्षराच्या डोक्यावरच ठोकायचा असतो. डीटीपीवाले, वकिलांचे टायपिस्ट, पतसंस्था, शाळा, लग्नपत्रिका छापणारे... अख्खा महाराष्ट्र वर्षानुवर्षं अशा फॉन्टमध्ये लिहीत होता. किती संस्थांचा इतिहास आज इंग्रजी भेळेच्या रूपात पेन ड्राइव्हवर पडून असेल, ह्याचा विचार केला की कसंसंच होतं.

सोमवारच्या आत

सोमवारपुरता उपाय पाच मिनिटांचा निघाला. विंडोज काढण्याआधी दादाने फॉन्टचा फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतला होता. (शाब्बास! हे तुम्हीही करा. विंडोज पुसल्यावर आठवलं तर उपयोग नाही.) मामीच्या त्या जुन्या फॉन्टच्या फाइलवर डबल क्लिक, 'इन्स्टॉल', रायटर बंद, पुन्हा उघडला. भेळ गेली, मराठी आली. मामीने मोठ्ठा श्वास सोडला. तिथून थेट पीडीएफ काढली. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबतच बांधला जातो, त्यामुळे झेरॉक्सवाल्याकडे छापताना पुन्हा तमाशा नाही. हा नियम कायमचा लक्षात ठेवा. छापायला किंवा कुठे द्यायला पीडीएफ, स्वतःजवळ मूळ फाइल.

पण मामी तिथे थांबली नाही. 'पुन्हा फॉन्ट हरवला की पुन्हा हेच व्हायचं ना? मग पक्कं काय ते कर.'

पक्कं म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये आणणं. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण प्रत्येक फॉन्टच्या कुटुंबाचा नकाशा वेगळा. एकाचा कन्व्हर्टर दुसऱ्याला लावला की खिचडी. योग्य कन्व्हर्टर सापडायला शनिवारची दुपार गेली. पहिली फाइल त्यातून काढली आणि पहिल्याच ओळीत झळकलं, 'मु. पो. अधार्पूर'!

आम्ही हसून हसून बेजार. पण कारण भारी आहे. जुन्या फॉन्टमध्ये रफार धा च्या नंतर साठवलेला असतो. युनिकोडला तो ध च्या आधी हवा असतो, जसा आपण उच्चारतो तसा. साधा कन्व्हर्टर कळीमागून कळ बदलत जातो, रफार उचलून मागे नेत नाही, मग तो पुढच्या प वर जाऊन बसतो. आता बचत गटाच्या कागदात रफार किती वेळा येतो, मोजा. कर्ज, अर्ज, खर्च, सर्वानुमते, मार्च, आणि गावाचं नाव! दुसरा कन्व्हर्टर शोधला, तो रफार नीट हलवणारा निघाला. तरी पहिल्या वेलांटीची, 'ऱ्या'ची आणि आकड्यांची तपासणी हाताने करावीच लागते. आकड्यांबाबत तर अजिबात विश्वास ठेवू नका. शनिवारी रात्री मामी हाताने लिहिलेल्या रजिस्टरमधून हप्ते मोठ्याने वाचत होती आणि मी स्क्रीनवर बोट ठेवून 'हो... हो...' म्हणत होते. मामांनी मधे दोनदा चहा केला. (ही बातमीच आहे.)

एक शेवटची खोच राहिली होती. कन्व्हर्ट झालेल्या मजकुराचा फॉन्ट मामीला बदलायचा होता, पण स्टाइलमध्ये कितीही बदला, मराठी ढिम्म. लिब्रेऑफिसमध्ये इंग्रजीसाठी एक फॉन्ट असतो आणि देवनागरीसारख्या लिप्यांसाठी दुसरा, वेगळा. 'टूल्स'मधल्या 'ऑप्शन्स'मध्ये भाषेच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट', म्हणजे सीटीएल, ह्याच्यापुढे खूण करा आणि भाषा 'मराठी' निवडा. बऱ्याचदा तिथे हिंदी बसलेलं असतं. मग मराठी शब्दांखाली हिंदीच्या हिशोबाने स्पेलिंग तपासलं जातं आणि काही फॉन्टमध्ये ल आणि श सुद्धा हिंदी वळणाचे दिसतात. मराठी निवडल्याबरोबर लोहितमधला ल आपला पाकळ्यांचा झाला, ते मामीने माझ्याआधी टिपलं.

मामीची बोटं

टायपिंगचं काय? मामीने लग्नाआधी नांदेडला टाइपरायटरवर 'मराठी ३०' पास केलंय. तिची बोटं रेमिंग्टनवर चालतात, तिला 'एम-ए-एम-आय' लिहून 'मामी' उमटवायला सांगणं म्हणजे सायकलवाल्याला घोड्यावर बसवणं. लिनक्सवर 'आयबस' आणि 'एम१७एन' ही दोन पॅकेजं टाकली की कीबोर्डांची मोठी यादी मिळते. मराठीत इन्स्क्रिप्ट आहे, फोनेटिक आहे, गमभन आहे, आणि हिंदीच्या यादीत रेमिंग्टन. टाकल्यावर एकदा लॉग आउट करून पुन्हा आत या, नाहीतर यादीत काहीच दिसणार नाही आणि तुम्ही तासभर डोकं आपटाल. ज्यांना नव्याने शिकायचंय त्यांनी इन्स्क्रिप्ट शिकावं असं माझं स्पष्ट मत. त्यात शिफ्ट दाबून र ची कळ दाबली की 'ऱ' येतो, पुढे हलन्त आणि य, की 'वाऱ्यावर' मधला 'ऱ्या' सुखरूप.

हे सगळं वाचून लगेच सगळ्यांच्या मशीनवर लिनक्स टाकायला धावू नका हं. मामांच्या केळीच्या हिशोबाला टॅली लागत नाही म्हणून निभावलं. टॅली विंडोजचंच. मॅक्रो ठासून भरलेल्या एक्सेल फायलींवर ज्यांचं रोजचं काम आहे, त्यांनाही कॅल्कमध्ये त्रास होतो. घरातल्या माणसाचं पोट ज्या फाइलवर आहे, ती आधी लिब्रेऑफिसमध्ये उघडून बघा. त्यासाठी विंडोज काढायचीही गरज नाही, लिब्रेऑफिस विंडोजवरही चालतं. आठवडाभर त्यावर काम जमलं, तर पुढचं बोला.

सोमवारी साडेअकराला मामी बँकेत कागद देऊन आली आणि आल्या आल्या कम्प्युटरसमोर बसली. आता २०१६पासूनच्या सगळ्या मिटिंग एका फाइलमध्ये, युनिकोडमध्ये होत्या. मी तिला कंट्रोल आणि एफ दाबायला सांगितलं. तिने गटातल्या एका बाईचं नाव रेमिंग्टनमध्ये टाइप केलं, जी दोन वर्षांमागे गेली. एकामागून एक नोंदी पिवळ्या होत गेल्या. पहिला हप्ता पन्नास रुपये. मुलीच्या लग्नासाठी उचल. मुदतीआधी परतफेड. हळदीकुंकवाच्या खर्चाला विरोध, 'बाकी सर्वांनी मंजूर'. मामी एकेक वाचत खाली जात होती. 'लई भांडायची गं,' म्हणाली आणि पुढच्या नोंदीसाठी परत एंटर दाबलं.